ओरखड्यांतली फुलं

३ ऑगस्ट

दादा,

पत्र फाडणार असशील तर फाड, पण आधी एवढं वाच. मला काम लागलंय. लॅबमध्ये. रक्त तपासतात तसली नाही, जिथे लोक वर्षानुवर्षं एकाच गोष्टीचा अभ्यास करून डॉक्टर होतात तसली. सहावा मजला. मे महिन्यातच लागले, पण टिकते की नाही ते बघून मग तुला लिहायचं ठरवलं होतं. टिकले. पांढरा कोट मिळालाय. त्याच्या खिशाला पेन लावायला जागा आहे. मी दोन लावते.

आईने सांगितलंय, जेवतोस का ते विचार. विचारलं.

तू शिकवलंस तसं आधी वहीत कच्चं लिहिलं, मग हे पक्कं. वर तारीखही घातली. तू म्हणायचास, तारीख नसलेला कागद चुलीत घालायचा. शाळा सोडली म्हणजे सगळंच सोडलं असं नाही, एवढंच दाखवायचं होतं.

तुझी धाकटी


२१ ऑगस्ट

दादा,

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. लॅबमध्ये मी भांडी धुते. काचेची असली तरी भांडीच. आता हसायचं तेवढं हसून घे आणि मग पुढे वाच.

इथे मला सगळे पुटपुट म्हणतात, कारण माझा आवाज टेबलाच्या पलीकडे जात नाही. भट्टीकाका म्हणून एक आहेत, वीस वर्षं इथल्या भट्ट्या आणि ओव्हन सांभाळतात. ते म्हणतात, "हिची मान हो म्हणायलाही तशीच हलते आणि नाही म्हणायलाही तशीच. पुढे हिच्या नवऱ्याची पंचाईत आहे."

मी जिची भांडी धुते ती ताई. सगळे तिला ताई म्हणतात म्हणून मीही. सहा वर्षं झाली, एका काळ्या पुडीच्या मागे लागलीय. रोज बघून बघून मला पाठ झालंय, म्हणून सांगते. तांब्याचं निळं मीठ पाण्यात विरघळवायचं. त्यात थायोयुरिया नावाची पांढरी पूड टाकायची, तिच्यातून गंधक मिळतं. ते सगळं टेफ्लॉनच्या पेल्यात ओतायचं. न चिकटणाऱ्या तव्याला आतून असतं ना, तेच, पण इथे अख्खा जाड पेलाच त्याचा. पांढराशुभ्र. असे सहा पेले आहेत. पेला स्टीलच्या डब्यात बसवायचा, झाकण पान्याने आवळायचं आणि ओव्हनमध्ये दीडशे डिग्रीवर बारा तास. कुकरच म्हण, फक्त शिट्टी नाही. उघडला की तळाला काळी निळसर पूड. ते तांब्याचं सल्फाइड.

आता खरी गंमत. पूड नुसत्या डोळ्यांना कायम सारखीच दिसते. मोठ्या मायक्रोस्कोपखाली घातली की कळतं आकार काय आलाय. कधी गोळे, कधी काड्या, कधी चकत्या. ताईला फुलं हवीत. तेच तांबं, तेच गंधक, पण फुलाला पाकळ्या असतात, म्हणजे जागा जास्त. कापड रंगवून उरलेल्या घाण पाण्यात ही फुलं टाकून उन्हात ठेवलं की पाणी निवळतं. गोळे टाकले तर बसून राहतात नुसते.

पाच वर्षं तिला गोळेच आले. या जूनपासून फुलं यायला लागली. "तू आलीस आणि फुलं आली, पुटपुट," म्हणते.

काल तिने मला पडद्यावर दाखवलं. दादा, एका केसाच्या जाडीचे चार हजार काप केले तर त्यातला एक काप म्हणजे एक पाकळी. अशा शेकडो पाकळ्या, एकमेकींत घुसलेल्या. मी बघतच राहिले.

"आवडलं नाही का?" ताईने विचारलं.

मी मान हलवली.

"आता हे हो की नाही?"

ज्या पेल्यात ते फूल उमललं तो मी घासलेला होता. तिला हे बोलले नाही. तुला सांगते.

तुझी धाकटी


दादा,

आज फार बोलणी खाल्ली. कुणाला तरी सांगायला पाहिजे आणि आईला सांगितलं तर ती घाबरेल, म्हणून तुला.

भट्टीकाकांनी मला पेला घासताना पकडलं. माझ्या हातात स्टीलची घासणी होती. घरी कढईला लावतो तीच.

"हे काय आहे?" म्हणाले.

मी घासणी पाठीमागे लपवली.

"टेफ्लॉनला घासणी? आतून बघ, मांजराने नखं मारल्यासारखं झालंय. ॲसिडमध्ये भिजवायला सांगितलं नव्हतं तुला?"

सांगितलं होतं, दादा. पहिल्याच दिवशी ताईने सांगितलं होतं. पण कपाटात अकरा बाटल्या, त्यातली कुठली, किती पाणी घालायचं, हे विचारायला पाहिजे होतं. आज विचारू, उद्या विचारू करत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी विचारलं असतं तर तीन दिवस काय केलं तेही सांगावं लागलं असतं. म्हणून मग मी आपली पांढरं दिसेपर्यंत घासत राहिले. महिनोन्‌महिने.

"विचारायला तोंड नव्हतं का तुला?" काका म्हणाले.

"होतं."

"मग ठेवलं कुठे होतंस?"

पण माणूस चांगला आहे. हातमोजे कुठले, बाटली कुठली, धूर ओढणाऱ्या कपाटातच कसं काम करायचं, सगळं दाखवलं. वरून म्हणाले, "ताईला मी सांगत नाही. पेले अजून चालतायत. पण आजपासून ॲसिड."

आजपासून मी काम बरोबर करणार. पेले ॲसिडमध्ये भिजत ठेवले तर त्यातून केवढं काय काय निघालं. पाणी निळसर झालं. वरून पांढरे दिसत होते रे.

तुझी धाकटी


९ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड आलं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एकच शब्द. "तारीख?"

आईने तीनदा वाचलं. मागची बाजूही बघितली. म्हणाली, "जेवतो का ते लिहिलंच नाही."

मी ते कार्ड कोटाच्या खिशात ठेवलंय, दोन पेनांच्या मध्ये. म्हणजे तू वाचतोस.

तर त्या पत्राची तारीख. आठवत नव्हती, शोधून काढली. त्याच दिवशी लिफ्ट बंद पडली होती आणि मी सहा मजले चढून गेले होते. लिफ्टच्या दारावर बंद असल्याचा कागद अजून चिकटवलेला आहे. त्यावर तारीख आहे, २५ सप्टेंबर. वहीतल्या कच्च्या पत्राच्या बाजूलाही लिहून ठेवली, लाल पेनाने, "दादाने विचारल्यावरून". झालं समाधान?

तू घर सोडून जाताना जे म्हणालास ते मला रोज ऐकू येतं. "माझ्या वाटची शाळासुद्धा तूच बुडवलीस." तू दहावीनंतर काम धरलंस ते मी शिकावं म्हणून, हे मला माहीत होतं. त्यावर मी काही बोलले नाही. मला वाटतं तुला त्याचाच जास्त राग आला.

तुझी धाकटी


६ नोव्हेंबर

दादा,

इथे वातावरण बरं नाही. ताईची फुलं यायची बंद झालीत. सहा आठवडे नुसते गोळे. तिने तांब्याची नवी बाटली फोडली, पाणी बदललं, ओव्हन बदलला, हलवायचा वेग बदलला. गोळे. मोठ्या बाई, म्हणजे लॅबच्या प्रमुख, काल सगळ्यांसमोर म्हणाल्या, "डिसेंबरात बाहेरचे परीक्षक येतायत. त्यांच्यासाठी तीनदा करून दाखव. नाहीतर फुलांचं सगळं प्रबंधातून काढ."

काढलं तर तिच्याकडे राहतं काय? पाच वर्षांचे गोळे. आणि नुसतं तेवढंच नाही. पलीकडच्या टेबलावरचे दोघं हळूच बोलत होते, की फोटो तरी तिचे होते का, का कुठून उचललेले. मी जवळच बीकर पुसत होते. माझ्यासमोर लोक काहीही बोलतात.

ताईने ते ऐकलं की नाही माहीत नाही. आज डबा उघडलाच नाही तिने.

मी पेले बरोबर धुतेय. माझा याच्याशी काही संबंध नाही.

तुझी धाकटी


१४ नोव्हेंबर

दादा,

संबंध आहे.

मागचं पत्र टाकलं आणि वही चाळत बसले. जूनमध्ये फुलं आली. मी मेपासून घासणी लावत होते. सप्टेंबरच्या पंचवीस तारखेला ॲसिड सुरू केलं. आणि तेव्हापासून गोळे. मोजून बघितलं, बोटांवर, मग कॅलेंडरवर.

मी चुकीचं धूत होते तोवर फुलं येत होती. बरोबर धुवायला लागले आणि थांबली. ओरखड्यांमध्ये जुन्या खेपेचे कण अडकून राहत असणार. ॲसिडने ते गेले. एवढंच वेगळं झालंय. दुसरं काही नाही.

हे ताईला सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं, की तिच्या सहा वर्षांच्या कामात मी पाच महिने खोटं धुतलं. मला काढून टाकतील. आणि सांगणार कशी? तिच्यासमोर उभं राहून एवढं लांबलचक?

तुला एक सांगायचं राहिलंय. शाळेचं. तुला वाटतं मला अभ्यासाचा कंटाळा आला. तसं नव्हतं. नववीला तोंडी परीक्षा होती. बाईंनी उभं केलं, प्रश्न सोपा होता, उत्तर मला येत होतं. पण आवाज फुटेना. नुसती उभी. कुणीतरी माझ्यासारखे ओठ हलवून दाखवले आणि सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, वाईट मनाने नाही. मी बसले. दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन निघाले ते वाचनालयात. दोन महिने रोज वाचनालयात. तू मला तिथेच पकडलंस.

हे तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू त्या बाईंना जाऊन भेटला असतास. हे पण माहीत होतं. पण तेव्हाही तेच, आज सांगू, उद्या सांगू.

तुझी धाकटी


२१ नोव्हेंबर

दादा,

सांगितलं.

म्हणजे बोलले नाही. वही नेली, पंचवीस सप्टेंबरचं पान उघडलं आणि ताईच्या टेबलावर ठेवलं. तुला लिहिलेलं पत्र आहे हे वाचून ती म्हणाली, "अगं, हे खाजगी आहे." मी बोटाने दाखवलं, वाचा.

तिने वाचलं. परत वाचलं. समासातल्या लाल तारखेवर बोट ठेवलं आणि स्वतःची प्रयोगवही ओढली. भराभर पानं उलटली.

"चोवीसला फुलं," ती म्हणाली. "सव्वीसला गोळे."

मी पायांकडे बघत उभी.

"पुटपुट, तू पाच महिने माझे पेले ॲसिडशिवाय धुतलेस?"

मी मान हलवली.

"हे हो की नाही?"

"हो," मी म्हणाले. पलीकडच्या टेबलापर्यंत गेला असेल आवाज.

मला वाटलं आता कोट काढायला सांगेल. ती हसायला लागली. मग चष्मा काढून डोळे पुसले, मग परत हसली. म्हणाली, "आठ आठवडे मी माझाच मेंदू तपासत होते गं. वाटायला लागलं होतं की मीच स्वप्न बघितलं." मग एकदम कामाला लागली. "ॲसिड बंद. घासणी आण. पहिल्यासारखे घास."

भट्टीकाकांनी दारातून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

तुझी धाकटी


५ डिसेंबर

दादा,

नीट क्रमाने सांगते.

घासणीने घासलेल्या पेल्यात पहिली खेप लावली. उघडली. गोळे. ताईचा चेहरा उतरला. मोठ्या बाई म्हणाल्या, "घासणीवर प्रबंध उभा करायचा होता का?" आणि निघून गेल्या.

मला दिवसभर चैन नव्हतं. घरी आई दही लावत होती. मी बघत उभी राहिले. तिने दूध कोमट केलं, चमच्याने कालचं दही घातलं. मी विचारलं, "ते नाही घातलं तर?" आई म्हणाली, "मग दूध नासेल, दही कसं लागेल? विरजण नको का?"

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या आधी लॅबमध्ये पोचले. ती आली तशी समोर उभी राहिले. वही न्यायला विसरले होते, म्हणून बोलावंच लागलं.

"ताई, पेले आठ आठवडे ॲसिडने धुतलेत. ओरखडे आहेत, पण आत काही नाही. फुलं कशी लागणार? विरजणच नाही."

ती पर्स खांद्यावरून काढायची विसरली. "परत बोल."

"सप्टेंबरच्या फुलांची पूड आहे तुमच्याकडे, छोट्या बाटलीत. त्यातली चिमूटभर घालून बघा. पेला कसाही असू दे."

तिने चिमूट नाही घातली, काट्यावर तोलून दोन मिलिग्रॅम घातली. पेला ॲसिडने लख्ख धुतलेला, मीच धुतला. बारा तास. मायक्रोस्कोपच्या खोलीत आम्ही तिघं, काकाही आले. पडद्यावर आधी नुसतं धुकं. मग ताईने चक्र फिरवलं.

फुलं, दादा. सगळीकडे.

नवे कण जुन्याला धरून पाकळी पाकळीने वाढतात. धरायला काही नसलं तर सगळे एकदमच सुरू होतात आणि त्यांचे गोळे होतात. मग आम्ही पाच मिलिग्रॅम घालून बघितलं. फुलं आली, पण लहान. एक घातलं तर मोठी. आता ताई म्हणेल त्या मापाचं फूल काढता येतं. आधी ते येईल तसं यायचं. ताई म्हणते, खरं काम हे झालं, आधीचं नव्हतं. आणि तिच्या प्रयोगवहीत, हसू नकोस, तिने वर शीर्षक लिहिलंय, "विरजण पद्धत". म्हणते छापताना मोठं नाव देईन, इथे हेच राहू दे.

काका म्हणाले, "एवढ्या शिकलेल्या बायका आणि दह्यावर आल्या." पण सगळ्या मजल्यावर तेच सांगत फिरतायत.

सोळाला परीक्षक. तीन खेपा दाखवायच्यात. ताईने तुला लिहिलेलं ते पान मागितलं. मी वहीतून फाडून दिलं. ते आता तिच्या प्रयोगवहीत चिकटवलंय, चोवीस आणि सव्वीसच्या मध्ये.

तुझी धाकटी


१७ डिसेंबर

दादा,

काल झालं.

पहिल्या दोन खेपा ताईने आधीच लावून ठेवल्या होत्या. तिसरीला परवा मोठ्या बाई म्हणाल्या, "हिच्या हाताशिवाय झाली पाहिजे. नाहीतर म्हणतील हिच्याच हाताची जादू." ताईने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "माझे हात पान्याचे. पुटपुटला लावू द्या." म्हणून तिसरी खेप माझी. निळं मीठ मी तोललं, थायोयुरिया मी घातला, विरजण मी टाकलं, पान्याने झाकण मी आवळलं. काकांनी ओढून बघितलं आणि म्हणाले, "आता हत्ती आला तरी निघत नाही."

काल परीक्षकांसमोर तिन्ही पुडी मायक्रोस्कोपखाली गेल्या. तिन्हीत फुलं. माझी तिसरी. ताईच्या बरोबरीची नाही म्हणत, पण फार कमीही नव्हती.

परीक्षक म्हातारे होते, अगदी हळू बोलणारे. माझ्याइतके हळू. त्यांनी ताईची प्रयोगवही पानापानाने बघितली आणि तुला लिहिलेल्या पत्रावर थांबले. मोठ्याने वाचलं, "दादा, आज फार बोलणी खाल्ली." सगळी खोली हसली. वीस माणसं तरी असतील.

माझ्या कानातून वाफ निघाली. शाळेत हसले तेव्हा मी बसले होते. काल उभीच राहिले. बसायला खुर्ची नव्हती हे खरं, पण दार जवळच होतं.

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"मी."

"घासणीचं तुम्ही आपणहून सांगितलंत?"

दादा, मला तुम्ही म्हणाले. "हो," मी म्हणाले. "उशिरा सांगितलं. पण सांगितलं."

"आणि ही तारीख वेगळ्या शाईत आहे. नंतर घातलीत. कशावरून खरी मानू?"

हा प्रश्न ताईनेही मला कधी विचारला नव्हता. ती पांढरी पडली. मी कोटाच्या खिशातून तुझं कार्ड काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "तारीख?" त्यावर टपालाचा शिक्का आहे, चार ऑक्टोबरचा. मग बोलले. लिफ्ट, सहा मजले, दारावरचा कागद, कार्ड, लाल पेन. सगळं सांगितलं, क्रमाने, मध्ये न थांबता. त्यांनी म्हटलं, म्हणजे गोळ्यांचा धुण्याशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षात यायच्या आधीच ही तारीख शोधलेली आहे. मी म्हणाले, हो. आणि मान हलवली नाही.

त्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "कुणाचं आहे हे? तुमच्या शिक्षकांचं?"

मागच्या भिंतीला टेकून भट्टीकाका उभे होते, त्यांच्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणाले,

"माझ्या दादाचं. त्यांनीच शिकवलंय मला."

ताईचं काम मंजूर झालं. निघताना परीक्षक तिला म्हणाले, "फोटो तुमचेच आहेत यात शंका घ्यायला जागा नाही." पलीकडच्या टेबलावरचे दोघं खिडकीबाहेर बघत होते. मोठ्या बाईंनी मला विचारलं, जानेवारीपासून धुण्याबरोबर तोलण्याचंही काम करशील का. मी लगेच विचारलं, कुठला काटा, किती वाजता आणि चुकलं तर कुणाला सांगायचं. काका म्हणाले, "बघा, आता हिला गप्प कोण करणार?"

आई विचारते, जेवतोस का.

या पत्रावर तारीख दोनदा घातलीय, वर एक आणि खाली एक. तेव्हा ते विचारायला जागा ठेवलेली नाही. कार्ड पाठवायचं असेल तर आता दुसरं काहीतरी विचार.

तुझी धाकटी
१७ डिसेंबर